लाल्याचा बोजारा

आमची गाडी उशिरा येते. तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला तुमचं मन मोकळं. नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागात माझी सगळी नोकरी गेली. तिथे हे वाक्य इतक्यांदा ऐकलं, की पुढे पुढे ते मला रामरामासारखं वाटायला लागलं. आता कोणी विचारत नाही म्हणून सांगतो. आग लागली की आमचा माणूस आधी बादली घेऊन धावतो, मग मोबाईल काढून शूटिंग करतो, मग नागपूरच्या साळ्याला फोन लावून "काय करू" म्हणून विचारतो. साळा म्हणतो, "अबे, फायरब्रिगेडले फोन लाव ना!" तेव्हा कुठे आमची घंटी वाजते. आणि आम्ही पोचलो की तोच माणूस कमरेवर हात ठेवून म्हणतो, "आले बाप्पा एकदाचे!"

असो. राग नाही. रागावणाऱ्या माणसाने या नोकरीत येऊच नये, पाण्याचा पाईप हातात असतो.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पाणी मारणं. पाणी मारायला काय लागतं? अक्कल लागते ती पाणी कुठे मारू नये याची. आमच्या भागात जिनिंग फार. कापसाच्या गंजीला आग लागली की वरून विझल्यासारखी दिसते आणि आतून धुमसत राहते. सगळी गंजी उपसून, मूठमूठ कापूस मोकळा करून भिजवावा लागतो, आणि मालक शेजारी उभा राहून "अरे, ओला नका करू!" म्हणून ओरडत असतो. शिवाय गच्चीवर चढलेली बकरी, पाण्याच्या टाकीवर बसलेला दारुडा, मोहळ, हे सगळं आमच्याचकडे. एका बाईने स्वयंपाकघरातून धूर निघतोय म्हणून बोलावलं. आम्ही सायरन वाजवत गेलो, तर बाई दाराबाहेर पर्स घेऊन उभी. कुकर गॅसवर, किल्ली आत. म्हणाली, "धूर निघालाच असता ना जी थोड्या वेळानं!" तिचंही चूक नव्हतं.

पण आमचा मोठा रस्ता वेगळा. तालुक्याच्या गावापासून जाम नावाच्या गावाकडे जाणारा. तो रुंद झाला, गुळगुळीत झाला, आणि आमच्या घंटीचा आवाज बदलला. आगीपेक्षा अपघात जास्त. तिथे पाण्याचा उपयोग नाही. गाडीचा पुढचा भाग चेपून माणूस आत अडकला की लोखंड कापावं लागतं. त्यासाठी तेलाच्या दाबावर चालणारी मशीन असते. तिची एक कात्री, एक जबडा. कात्री पत्रा कापते, जबडा चेपलेलं फाकवतो. ही मशीन, दिवे, दोर, स्ट्रेचर असं सगळं घेऊन पळणारी छोटी गाडी म्हणजे रेस्क्यू व्हॅन. मोठ्या शहरांत असते. आमच्याकडे सब्बल म्हणजे पहार होती, करवत होती आणि इस्माईलभाई ड्रायव्हरच्या शिव्या होत्या.

सुधाकर ताकसांडे याच रस्त्यावर गेला.

आर्वीकडून संत्रा भरून निघालेला त्याचा टेम्पो, भर दुपारी, उभ्या ट्रकच्या मागे घुसला. माझ्याच गावचा मुलगा, टेम्पोच्या मागे फुलांच्या नक्षीत "संथ चला" लिहिणारा. आम्ही वेळेत पोचलो होतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. तो शुद्धीवर होता, बोलत होता. कमरेखाली मात्र सगळं लोखंडात. आम्ही सब्बल लावली की लोखंड दबायचं आणि तो ओरडायचा. नागपूरहून मशीन निघाली होती. मी खिडकीतून हात आत घातला, तो त्याने धरला. "राऊतभाऊ, हात नोका सोडू," म्हणाला. मी नाही सोडला. मशीन रस्त्यात असताना त्याचाच सुटला.

त्याची बायको वंदना आमच्या वस्तीतल्या अंगणवाडीत सेविका. पुण्यानुमोदन, म्हणजे बौद्धांकडचा मृताच्या स्मरणाचा कार्यक्रम, झाला आणि त्यानंतर ती आमच्या फायर स्टेशनवर आली. पांढरं पातळ, हातात पिशवी. मला वाटलं आता ही बोलेल ते ऐकून घ्यायचं. तिने गाडीला एक चक्कर मारली, एकेक कप्पा उघडून पाहिला आणि विचारलं, "तुमच्यापाशी थे मशीन काऊन नाई?"

मी म्हटलं, "ताई, प्रस्ताव गेला आहे."

"कवा गेलता?"

"दरवर्षी जातो."

"मंग आपून आनू," ती म्हणाली. दळण आणू म्हणावं तसं म्हणाली. मी माझ्या नोकरीत कोसळलेल्या भिंतीखालून माणसं ओढणारे गडी पाहिले आहेत, पण त्या "आपून आनू" पुढे सगळे फिके. परवानग्या काढल्या, बँकेत खातं उघडलं, ते कंटाळवाणं मी वगळतो. ड्युटी सुटली की मी, इस्माईलभाई आणि वंदनाताई वर्गणीला निघायचो.

आणि आपटलो.

गणपतीला देतील, सप्त्याला देतील, क्रिकेटच्या मंडळाला टीशर्ट देतील. अपघाताच्या गाडीसाठी म्हटलं की माणसाचा चेहराच उतरायचा. चहा आणायला आत गेलेली बाई परत यायचीच नाही. गावाच्या टोकाला गुलाबराव म्हणून शेतकरी आहेत, पिळदार मिशा, बैलांचा भारी शौक. त्यांनी ओट्यावरूनच हात जोडले. "राऊतभाऊ, तुमी मानूस चांगले. पन हे वर्गनी नोका मांगू. अपघाताले घरून आवतन द्याचं काय आमी? पैसे भरले का मंग गाडी म्हनन, चला, आता तुमच्या पोराले नेऊ."

मला असा राग आला! म्हटलं, "विहिरीले दोर घेतला म्हणून काय कोणी बुडते काय हो?"

"त्या दोरानं पानी काढतेत. तुमचा दोर दुसरा हाय," गुलाबराव म्हणाले. मी आणखी चिडलो आणि पावतीपुस्तक खिशात कोंबून निघालो.

परत येताना वंदनाताई खाली मान घालून चालत होती. मला वाटलं खचली. बसस्टँडजवळ येऊन म्हणाली, "भाऊ, थे वाईट नाई बोलले. भेतेत बिचारे. मीबी भेत होती. सुधाकर निघाला का मागून आवाज नाई देत होती मी." मग थोडं चालून म्हणाली, "लोकाइले गाडी दाखवली तं भेव वाटते. बैल दाखवा ना मंग."

"कोणता बैल?"

"हाच तुमचा. लाल. पोळा आला ना जी."

आता बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला आमच्याकडे बैल धुतात, सजवतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, झडत्या म्हणजे यमकं जुळवलेली कवनं म्हणतात आणि पोळा फुटला, म्हणजे रांग सुटली, की घरोघर बैलाची पूजा होते. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल ओढत घरोघर जातात, घरची बाई त्या बैलाला ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे बैलाचा मान म्हणून दिलेले पैसे किंवा खाऊ. दारी आलेल्या बैलाला रिकाम्या हाती परतवायचं नाही, हे आमच्याकडे कंजुसातला कंजूसही पाळतो. वंदनाताईच्या डोक्यात आलं ते असं, की अग्निशमनची म्हातारी गाडी बैल म्हणून सजवायची, पोळ्यात उभी करायची आणि तान्ह्या पोळ्याला दारोदार न्यायची.

"तुमच्यात पूजा चालते का ताई?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"आमी पूजा नाई करत. पन माह्या बापाची बैलजोडी होती, धुवाले कोन मना करते? आन् तुमच्यात चालते का?"

"मैं तो ड्रायव्हर हूँ," इस्माईलभाई म्हणाले. "बैल का धर्म पूछो, मेरा नहीं."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात आणि कानात सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गाडीचा खांदा कोणता, यावर आमच्या स्टेशनवर असा वाद झाला की विचारू नका. कोणी म्हणे बोनेट, कोणी म्हणे पुढचा मडगार्ड. शेवटी इस्माईलभाईंनी निकाल दिला, वजन पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतं, खांदा तोच. स्वतः खाली झोपून त्यांनी पाट्यांना तूप चोळलं. आवतन मी दिलं, आरशापाशी तोंड नेऊन. हसा, हसा. आम्हीही हसत होतो.

सजावट बायकांनी केली. कागदाची शिंगं, त्यांना बेगड, दिव्यांवर काजळाचे डोळे, सायरनला फुलांचा गोंडा. आणि झूल! वंदनाताई आणि तिच्या मैत्रिणींनी जुन्या साड्या जोडून अख्ख्या गाडीला झूल शिवली. वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाजू घट्ट टाचल्या. लाल्या असं नाव पडलं ते त्याच दिवशी. तोरणाखाली लाल्या उभा राहिला तेव्हा पहिल्यांदा लोक दचकले, मग जो हशा पिकला! एका पठ्ठ्याने झडतीच रचली.

बैल आमचा लालेलाल,
डिझेल पेते पोटभर,
थुंकते पानी वावरभर,
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!

गुलाबराव आपली जोडी घेऊन शेजारीच उभे होते. मिशीतल्या मिशीत हसले, पण लगेच गंभीर होऊन मला म्हणाले, "बैल म्हनून उभा केला ना? मंग आज याले कामाले लावाचं नाई, ध्यानात ठेवजा."

हे बोलून होत नाही तो कोणीतरी फटाक्यांची लड लावली.

गुलाबरावांचा डावा बैल बिथरला. कासरा तोडून गर्दीतून निघाला तो सरळ मळ्याकडे. माणसं ओरडत मागे, तो आणखी पुढे. मळ्यात बिनकठड्याची विहीर, पावसाने भरलेली. आम्ही धावत पोचलो तेव्हा बैल पाण्यात गोल गोल पोहत होता आणि गुलाबराव काठावर पोटावर पडून त्याला नावाने हाका मारत होते. "शिवा! शिवा रे! थांब बाप्पा, थांब!" पिळदार मिशांचा तो माणूस ढसाढसा रडत होता.

इस्माईलभाईंनी गाडी काढली. शिंगं, गोंडे, घुंगरं, सगळ्यासकट लाल्या शेतात घुसला. मी कप्प्यातला दोर काढायला हात घातला, तर हाताला साडी. कप्प्यांवरून झूल शिवलेली! दोर आत, पट्टे आत, शिडी झुलीच्या खाली बांधलेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा गाढवपणा आम्ही केला नव्हता. बैल सजवला आणि गाडी विसरलो. मी झूल फाडायला गेलो, पण बायकांनी दुहेरी टाके घातलेले, फाटेना. तेवढ्यात वंदनाताई पळत आली. झुलीचं टोक दातात धरून तिने टाका तोडला आणि सरसर उसवत गेली. "म्या शिवली, मलेच ठाऊक कुठी गाठ हाय," म्हणाली. ओठातून रक्त आलं तिच्या, तिला पत्ता नाही.

जनावराला नुसत्या दोराने ओढत नाहीत, दोर पोटात रुततो. आम्ही जुना, चपटा झालेला कॅनव्हासचा पाईप वापरतो, तो पट्ट्यासारखा बसतो. मी आणि एक जोडीदार खाली उतरलो. बैल दमला होता, नाकपुड्या पाण्याला टेकत होत्या. त्याच्या छातीखालून एक आणि मागच्या पायांपुढून एक पट्टा घेतला, दोर वर दिला. काठावर बाभळीचा ओंडका टाकून दोर त्यावरून घेतलेला. आता ओढायचं कशाने? लाल्याने ओढावं तर ओल्या रानात चाकं जागेवर फिरायला लागली. जेसीबीवाला पोळ्यात नाचायला गेलेला. एकजण म्हणाला, "दुसरी जोडी जुंपा."

आणि त्या अवस्थेतही गुलाबराव ओरडले, "नाई! आज बैलाच्या मानीवर काई नाई ठेवाचं!"

विहिरीत शिडीच्या पायरीवर, गळ्यापर्यंत पाण्यात उभा मी. वाटलं, या म्हाताऱ्याला आधी बुडवावं. पण वर जे झालं ते मी शिडी चढून, काठाबाहेर डोकं काढून पाहिलं, आणि अजून डोळ्यासमोर आहे. लोकांनी दोर आपल्या खांद्यावर घेतला. पोळ्याचे नवे कपडे घातलेली माणसं, व्यापारी, मास्तर, नगरसेवक, बायकासुद्धा. गुलाबराव सगळ्यांत पुढे. पोळ्याच्या अख्ख्या रांगेने त्या चिखलात स्वतःला जुंपून घेतलं. "हर बोला" म्हटलं की एक हिसका, बैल हातभर वर. असं करत करत शिवा काठावर आला, उभा राहिला, अंग झाडलं आणि सगळ्यांचे कपडे बरबाद केले.

त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, या गावात माझी नोकरी झाली हे माझं नशीब. ती म्हणाली, आधी पाय धुवा.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. उसवलेल्या झुलीतच आम्ही लाल्याला घेऊन निघालो. पहिलं दार कोणाचं घ्यायचं हा प्रश्नच आला नाही, गुलाबराव सहकुटुंब रस्त्यावर उभे. त्यांच्या सुनेने लाल्याला ओवाळलं. गुलाबरावांनी बोजारा ठेवला तो किती, ते सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. पण मग त्यांनी शिवाच्या गळ्यातली पितळी घुंगरमाळ सोडून वंदनाताईच्या हातात दिली. "नवी गाडी येईन ना पोरी, तिच्या गळ्यात बांधजो. घुंगरं वाजले का मानसाले वाटलं पाह्यजे, का कोनी घरचं येऊन राह्यलं."

तिथून मग आम्हाला मागावंच लागलं नाही. जिनिंगवाल्यांनी दिलं, जामच्या ढाबेवाल्यांनी दिलं, ते तर रोज अपघात पाहणारे. सिंदी रेल्वेच्या स्टेशनवरच्या हमालांनी आपसांत गोळा करून पाठवलं. एका म्हातारीने कोंबडी दिली. ती इस्माईलभाईंनी लिलावात विकत घेऊन तिलाच परत केली, तर म्हातारी भांडायला आली की माझी कोंबडी गाडीला चालत नाही काय.

नमुनेही भेटले. एका पुढाऱ्याने एकट्याने उरलेला सगळा भार उचलतो म्हटलं, अट एवढीच की गाडीच्या दोन्ही बाजूंना त्याचं नाव आणि फोटो. मुख्याधिकारी साहेबांना मोह झाला. खोटं कशाला बोलू, मलाही झाला. काम एका दिवसात संपत होतं. वंदनाताईने पुढाऱ्याला शांतपणे विचारलं, "नाव लिहाचंच तं या रस्त्यावर जे गेले त्याइचे लिहा. मंग तुमच्यासाठी जागा उरन का साहेब?" पुढारी तसे दिलदार निघाले. बिननावाचे पैसे पाठवून दिले, पण पुन्हा आमच्याशी फार बोलले नाहीत.

गाडी आली तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. लाल, बसकी, चकचकीत, कुठेही नाव नाही. आरशाला घुंगरमाळ. नागपूरहून माणूस येऊन मशीन शिकवून गेला. आम्ही भंगारातल्या गाड्या आणून कापत बसायचो. वंदनाताई कधी अंगणवाडी सुटल्यावर यायची, भिंतीपाशी उभी राहून पत्रा फाटताना पाहायची आणि निघून जायची. तो आवाज तिला ऐकवत कसा होता, देव जाणे.

पहिली घंटी सकाळी वाजली. तोच रस्ता. मालवाहू गाडी पुलाच्या कठड्याला धडकलेली, चालक आत, लोखंड मांडीपर्यंत. परप्रांतातला तरुण होता, आमची भाषा त्याला येत नव्हती. आमच्या तरुण पोरांनी मशीन लावली. मी म्हातारा, माझं काम काय? सवयीने खिडकीतून हात आत घातला. त्याने तो धरला. कात्री चालली, जबड्याने चेपलेला पत्रा फाकवला, पाय मोकळे झाले, आणि पोरांनी त्याला अलगद बाहेर घेतला. सब्बल लावून आम्ही जिथे घाम गाळत बसायचो, तिथे हे इतकं सोपं निघालं, याचा मला आनंद झाला आणि त्याच क्षणी फार वाईटही वाटलं. सुधाकर आठवला.

स्ट्रेचर अँब्युलन्सपाशी आलं, तरी त्याने माझा हात सोडला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, सोडा आता." मी म्हटलं, "मी धरलाच नाही, बाई. त्याने धरलाय." शेवटी इस्माईलभाईंनी त्याचं एकेक बोट उलगडलं, तेव्हा माझा हात सुटला. जाताना तो तुटक तुटक हिंदीत म्हणाला, घंटियाँ सुनीं तो लगा, बैलगाडी में घर जा रहा हूँ.

मी तसाच, गणवेशातच, अंगणवाडीत गेलो. वंदनाताई पोरांना खिचडी वाढत होती. मला पाहून तिचा हात थांबला. मी नुसता हात पुढे केला. मनगटावर त्याच्या नखांचे खड्डे होते, एक दोन ठिकाणी रक्त आलेलं. तिने पाहिलं. ती समजली.

"जिता हाय?"

"हाव."

तिने त्या खुणांवरून हलकेच बोट फिरवलं. "दुखते का जी?"

"दुखते."

"दुखू द्या," ती म्हणाली, आणि पोरांना वाढायला वळली. पण दोनच ताटल्या वाढून ती पोरांच्या रांगेत खाली बसली, म्हणून पळी मी घेतली आणि उरलेली खिचडी वाढली.